वाढदिवसाची शाल

हे मी सांगायचं नाही असं बजावलंय मला, काकू — कुणालाच नाही, आणि तुम्हाला तर मुळीच नाही — पण तुम्ही अकरा वाजता आत मीटिंगला जाणार, त्या कागदावर सही करणार, आणि मी इथे दारात बसून तुमच्या गाऊनच्या नाड्या बांधून देणार, गुपचूप, हे काही मला जमत नाहीये. बसा ना. त्या बाकावर नको, आत्ताच पुसलाय, ओला आहे — या खुर्चीवर. अजून वीस मिनिटं आहेत. सचिवसाहेब अकरा म्हणतात आणि सव्वाअकराला येतात, त्यांचं नेहमीचंच आहे. मी खुशी. प्रतीक्षा सिस्टरची मुलगी. नववीत आहे, आम्ही इथेच वृद्धाश्रमाच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. तुम्ही पाहिलंय मला — नाही आठवत? नाहीच आठवणार. मी बोलत नाही ना फारसं. शाळेत बाईंनी विचारलं, उत्तर येत असलं तरी माझे ओठच हलत नाहीत. आज मास्क आहे म्हणून बोलतेय. हसू नका, खरं सांगते — तोंड झाकलं असलं की मला बोलता येतं.

आधी हात पुढे करा. हे सॅनिटायझर घ्या, दोन वेळा दाबते. तळवे, मग बोटांच्या मधे, मग अंगठे — अंगठे सगळे विसरतात — मग मनगट. हं. आता हा गाऊन, उघडी बाजू मागे. बाह्या पार मनगटापर्यंत ओढा, मी मागून बांधते. ग्लोव्हज सगळ्यांत शेवटी, आणि त्यांची कड बाहीच्या वरून यायला पाहिजे, मधे कातडी उघडी राहिली तर सगळं घातलेलं फुकट. रविवारी मीच असते इथे, भेटायला येणाऱ्यांना घालून द्यायला. गेल्या तीन आठवड्यांपासून. कोणी शिकवलं विचारताय? विचारत नाही तुम्ही, पण मी सांगते — नईमाखालानं. हो, तीच. तुमच्या तक्रारीच्या पत्रातली. कोरोनाच्या वेळेस ती सरकारी दवाखान्यात होती, तिथे शिकली, आणि इथे आल्यावर तिनं सगळ्यांना पिडून पिडून शिकवलं. मला म्हणायची, "बेटा, ग्लोज घालनं कोनालेबी येते. काढनं सीख." आणि खरंच, काढणंच अवघड आहे. एका हातानं दुसऱ्याची बाहेरची कड चिमटीत धरायची, उलटा करत काढायचा, मुठीत ठेवायचा, मग उघडं बोट दुसऱ्याच्या आतून घालून तोही उलटा, म्हणजे एकाच्या पोटात दुसरा. मग हात. मग गाऊन. मग पुन्हा हात. मास्क शेवटी. मी चुकले की ती माझ्या हातावर हळद लावायची — खरंच, ग्लोव्हजवर हळद लावायची आणि काढायला सांगायची, आणि मग माझ्या मनगटावर पिवळा डाग दिसला की म्हणायची, "देखा? हे गेलं आता तुह्या माणिकआजीच्या ताटात." अशी बाई आहे ती. आणि आज तिला काढून टाकायचंय, का? तर ग्लोव्हज न घालता रुग्णाला हात लावला म्हणून.

नाही नाही, तुम्ही खोटं लिहिलं असं म्हणत नाहीये मी. तुम्ही पाहिलं ते पाहिलंच. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली होती, तुम्ही अकोल्याहून सकाळच्या गाडीने आलात, आणि खिडकीतून पाहिलं की नईमाखाला तुमच्या बाबांना — आम्ही त्यांना आबाजीच म्हणतो — उघड्या हाताने भाकरी भरवून राहिली. खरं आहे. पण तुम्ही त्याच्या आधीचं नाही पाहिलं. आबाजी ग्लोव्हजच्या हातचं खात नाहीत, काकू. थुंकतात. त्यांना वाटतं प्लास्टिक चारून राहिले. मोर्शीचा संत्र्याचा बगीचा त्यांच्या डोक्यातून गेला नाही ना अजून — दिवसभर हवेतली संत्री सोलत बसतात, साल काढायची, शिरा काढायच्या, फोड पुढे करायची — आपण ती घेतली नाही तर रागावतात — आणि असा माणूस, ज्याला बोटांनीच सगळं कळतं, त्याच्या तोंडाला रबर लागलं की तो तोंड मिटून घेतो. म्हणून ती कोपरापर्यंत हात धुवायची, मोजून, मनातल्या मनात काहीतरी म्हणायची तेवढा वेळ, आणि मग भरवायची. आणि डॉक्टर आले होते ना आता, त्यांनीच सांगितलं, की तेव्हा इथे काही आहे हे कुणाला माहीतच नव्हतं, आणि नुसतं भरवायला ग्लोव्हज लागतही नाहीत, स्वच्छ हात लागतात. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही? नसेलच सांगितलं.

कारण सगळ्यांना एक नाव पाहिजे होतं. आणि नाव सोपं होतं.

थांबा, नाडी सुटली. हलू नका.

मी सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही पोरगी काहीपण बोलून राहिली. शालिकरामबाबा डिसेंबरात आले. बाळापूरकडचे. जवळचं असं कोणी नाही, गावच्या लोकांनी गाडीत घालून आणून सोडलं. अंगावर सगळीकडे खपल्या — कोपरांवर, पाठीवर, हाताच्या बोटांवर तर झाडाच्या सालीसारखं. आम्हाला वाटलं थंडीनं उललं. म्हातारं कातडं, थंडी, कोणी तेलाचं बोट लावलं नसेल वर्षभर. खोबरेल लावलं. आणि गंमत म्हणजे ते खाजवत नव्हते फारसे, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. ती खरूज होती. साधी नाही, खपल्यांची — डॉक्टर म्हणाले, साध्या खरजेत अंगावर दहा-पंधरा किडे असतात, डोळ्याला न दिसणारे, आणि या खपल्यांच्या खरजेत हजारो. एक खपली पडली की त्यात गाव असतं म्हणे. आणि लागण झाल्यावर लगेच कळत नाही, महिनाभर माणूस चांगला दिसतो, मग खाज सुरू होते. म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला ज्याला खाज आली, त्याला लागलं जानेवारीच्या सुरुवातीला. हे लक्षात ठेवा, काकू. जानेवारीत.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला आबाजी खाजवायला लागले. मग माणिकआजी, सात नंबरच्या. आणि — आणि मधे आणखी एक जण. आबाजींनी खाजवून खाजवून पोटावर जखमा केल्या, त्या चिघळल्या, ताप चढला, तुम्ही त्यांना अकोल्याला नेलं, आठ दिवस दवाखान्यात उशाशी बसलात — मला माहीत आहे सगळं. तुम्ही फोनवर आईला जे बोललात तेही मला ऐकू आलं. चूक नाही तुमची. माझे आजोबा असते तर मीही बोलले असते. नसते बोलले, मला बोलता येत नाही, पण मनात बोलले असते.

मग डॉक्टर आले, सगळ्यांना एकाच दिवशी मानेपासून तळपायापर्यंत मलम, आठवड्यानं पुन्हा. आणि त्यांनी आईला विचारलं, इथे कोणकोणत्या वस्तू एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात, यादी करा. आई लिहीत होती, मी बाजूला उभी होते. चादरी. उशांचे अभ्रे. टॉवेल. कंगवे. रक्तदाब मोजायचा पट्टा. चाकांच्या खुर्चीवरची गादी. स्वेटर — स्वेटर अदलाबदल होतात इथे, माणिकआजी रोज कुणाचं तरी घालून बसतात आणि वरून म्हणतात, "माहाच हाय, तुले दिसत नाही काय वं?" सगळं उकळत्या पाण्यातून काढलं. अंगणात दोऱ्याच दोऱ्या. जे उकळता येत नाही ते पिशव्यांत बांधून आठ दिवस बाजूला. गाद्या उन्हात. आईनं तीन दिवस पाठ टेकली नाही. ती यादी भिंतीवर लावली आहे अजून, आत गेलात की डाव्या हाताला, बघा. अठ्ठावीस वस्तू आहेत. एकोणतिसावी नाही.

एकोणतिसावी कुणाच्या डोक्यातच आली नाही. कारण ती चादरींत नसते. ती देवाच्या कपाटात असते, आरतीच्या ताटाशेजारी.

शाल, काकू. वाढदिवसाची शाल.

तुम्ही पाहिलीय ती! जांभळी, जरीच्या काठाची. पाच जानेवारीला, आबाजींचा वाढदिवस, तुम्ही अकोल्याहून केक आणला होता, बिनअंड्याचा — आठवलं? आईनं ओवाळलं आणि मी शाल पुढे केली आणि तुम्ही ती त्यांच्या खांद्यावर घातली. आधी स्वतःच्या खांद्यावर घेऊन पाहिलीत, म्हणालात, "किती मऊ आहे गं." तुमच्या मोबाइलमध्ये फोटो असेल. असेलच, त्या रंगीत टोपीवाल्या काकांनी काढला होता. ती शाल आईची आहे. कोरोनात तिनं जे केलं त्यासाठी गावात कार्यक्रम झाला होता, नारळ, शाल, प्रमाणपत्र. आईनं कधी अंगावर नाही घेतली. म्हणाली, कपाटात पडून राहण्यापेक्षा म्हाताऱ्यांच्या खांद्यावर शोभंल. तेव्हापासून इथे कुणाचाही वाढदिवस असला की ओवाळायचं आणि ती शाल पांघरायची, दिवसभर त्याचीच. सगळे वाट पाहतात. दुसऱ्या दिवशी मी घडी घालते. धुवायची नाही, आतल्या चिठ्ठीवर लिहिलंय, पाण्यानं जरीचा काठ काळा पडतो. एवढी वर्षं झाली, पाणी लागलं नाही तिला. आपण सगळं पाळलं, काकू — ग्लोव्हज, गाऊन, बादल्यांना रंग, लाल पिशवी, पिवळी पिशवी — आणि ती एक वस्तू आपण कौतुकाने एकाच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर घातली. ओवाळून.

आता तुम्ही म्हणाल, पण शालिकरामबाबांच्या अंगावर ती कधी आली? त्यांचा वाढदिवस तर कुणालाच माहीत नव्हता.

मला माहीत होता. म्हणजे — मी केला.

वाढदिवसांची वही माझ्याकडे असते. अक्षर चांगलं आहे म्हणून आईनं दिली. महिन्याप्रमाणे नावं. ज्यांची तारीख माहीत नाही त्यांच्यापुढे रेघ. अशा सहा रेघा होत्या, आणि मला त्या रेघा बघवत नव्हत्या, काकू. वर्षभर दुसऱ्यांच्या टाळ्या वाजवायच्या आणि आपल्यावर शाल कधीच नाही? शालिकरामबाबांना मी विचारलं, तर म्हणाले, "म्या कवा जनमलो कोनाले ठाव, पोरी. तुरी सोंगनं चालू होतं म्हने. माय वावरातूनच घरी आली." तुरी कापायच्या म्हणजे जानेवारी, बरोबर ना? मग म्हटलं, पाच तारखेला आबाजींचं आहेच, ताट निघणार, निरांजन लावणार, शाल निघणार, मग एक दिवस आधीच यांचंही उरकून टाकू. चार जानेवारी. मी निळ्या पेनानं लिहिलं. आईला सांगितलं, त्यांच्या कागदात सापडलं. खोटं. कुठल्याच कागदात नव्हतं. त्यांच्याकडे कागदच नव्हते.

रडले ते. शाल घातल्यावर. दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले दिवसभर, गळ्यापर्यंत गुंडाळून, जेवतानाही सोडली नाही. रात्री तिच्यातच झोपले, आईनं काढू दिली नाही, म्हणाली राहू दे आज. पाच तारखेला सकाळी मी ती घ्यायला गेले, आणि जांभळ्या कापडावर सगळा पांढरा भुसा. मी पाहिला तो. मी इथेच चुकले, काकू, बाकी सगळं कुणाला माहीत नव्हतं म्हणून झालं, पण हे मी डोळ्यांनी पाहिलं. वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा कोंडा आहे. व्हरांड्यात नेली, हाताने झटकली, दोनदा. ग्लोव्हज नव्हते घातले. शालीला कोण ग्लोव्हज घालतं? घडी घातली, ताटात ठेवली, आणि दहा वाजता तुमच्या हातात दिली.

पाच तारखेला आबाजी. सात तारखेला माणिकआजी. मग महिनाभर कुणाचा नाही.

आता मोजा. दोन फेब्रुवारी, आबाजी. तीन फेब्रुवारी — ते राहू द्या. सहा फेब्रुवारी, माणिकआजी. ज्या क्रमानं शाल, त्या क्रमानं खाज. मी वहीतलं वाढदिवसांचं पान आणि खाज सुरू झाल्याच्या तारखांचं पान शेजारी-शेजारी ठेवलं आणि पुन्हा पुन्हा मोजलं. शालिकरामबाबांच्या शेजारच्या खाटेवर धर्मपालबाबा आहेत, हात लांब केला तर लागेल एवढं अंतर, त्यांना काही नाही. त्यांचा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो. नईमाखाला रोज शालिकरामबाबांना तेल लावायची, दहा तारखेनंतर, रोज, तिला काही नाही — कारण तेल लावताना ती गाऊनही घालायची, ग्लोव्हजही, कुणी सांगितलं नसताना, म्हणायची, "कातडी फुटेली हाय, आपला मैल कायले लावायचा त्याहिले." म्हणजे आपल्यापासून त्यांना होऊ नये म्हणून! आणि तिच्या हातानं गेलं म्हणतात, तर माणिकआजींना कसं गेलं? माणिकआजी तर नईमाखालाला खोलीतही येऊ देत नाहीत. हो. आता सांगायला लाज वाटते, पण आहे ते आहे — पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मले त्या बाईच्या हातचं पानीबी नको." आईनं रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, काही फरक नाही. नईमाखाला हसली नुसती. म्हणाली, "अच्छा है सिस्टर, एक पेशंट कमी झाला माहा." वर्षभरात तिचा हात माणिकआजींना लागलेला नाही, काकू. एकदाही नाही. आणि दहा तारखेनंतर का म्हटलं मी? कारण एक ते दहा जानेवारी ती इथे नव्हतीच, बाळापूरला होती, भाचीचं लग्न — निखतचं, आम्हाला मिठाई आणली होती. हजेरीच्या वहीत आहे. तुमच्या फोटोत बघा. सगळे आहेत त्यात. ती कुठे आहे?

बघा ना काढून. मी थांबते. ग्लोव्हज घालायच्या आधीच बघा, मग फोनला हात नाही लावायचा.

काकू, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही मघापासून मनगट खाजवताय. बांगड्यांच्या खाली. आणि बोटांच्या मधे. रात्री जास्त होते ना? अंथरुणात गरम झालं की? हं. मला गेटातून तुम्ही येतानाच दिसलं. घाबरू नका, बरं होतं, अगदी बरं होतं. आबाजींच्या उशाशी आठ दिवस होता, त्यातूनच आलं असेल, किंवा शालीतून — मला नक्की नाही माहीत, आणि मला जे नक्की माहीत नाही ते मी सांगणार नाही. पण डॉक्टरांना आजच दाखवा, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी मलम लावा, एकट्यानं लावून उपयोग नाही. मला कसं माहीत? कारण ते तीन फेब्रुवारीचं — ती मी. हे बघा. आता वाळलंय. आईनं दार लावून मला मलम लावलं आणि कुठेच नाव लिहिलं नाही. भिंतीवर त्या यादीखाली तीन रुग्ण लिहिलेत. चार आहेत. तुम्हाला धरून पाच.

आई वाईट नाहीये.

हे मी म्हणायला नको होतं, कुणी विचारलंही नव्हतं. पण तुम्ही तसं बघितलंत. शुक्रवारी संध्याकाळी मी तिला वही दाखवली. ती पोळ्या लाटत होती. दोन्ही पानं तिनं वाचली, मग पुन्हा वाचली, तव्यावरची पोळी जळाली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग म्हणाली, "खुशे, हे तुह्या वहीतच राहू दे." मी म्हटलं, आई, नईमाखाला. ती म्हणाली, "नईमाले दुसरीकडं काम भेटंल. मी इथली इनचार्ज हाव. जंतुसंसर्ग नाही झाला पाहिजे, यासाठीच मले ठेवलं हाय. आन् जंतू माह्याच शालीतून?" मग जळालेली पोळी तव्यावरून उतरवली. मग म्हणाली, "ह्या खोल्याबी संस्थेच्याच हायत. तुही दहावी हाय पुढच्या वर्षी." खरं आहे. आईचं काम गेलं तर खोल्या जातील. कुठे जाऊ आम्ही? चांदूर रेल्वेला मामा आहेत, पण मामाकडे आधीच सात माणसं आहेत. मला सगळं कळतं. मला वाटतं मला जरा कमी कळलं असतं तर बरं झालं असतं.

आज सकाळी ती शाल घेऊन मागे गेली, पाला जाळायच्या ड्रमपाशी. गाऊन, ग्लोव्हज, मास्क, सगळं घालून — एकटी होती, कुणी बघत नव्हतं, तरी सगळं घातलं तिनं. काडी पेटवली. मी खिडकीत होते. काडी विझली. दुसरी पेटवली, तीही हातात जळू दिली. आणि मग तिनं शाल पुन्हा पिशवीत घातली, तोंडाला गाठ मारली, आणि ग्लोव्हज काढले — उलटे करून, एकाच्या पोटात दुसरा, अगदी नईमाखालानं शिकवल्यासारखे — आणि तिथेच खाली बसली. तिला जाळता आलं नाही. मला वाटतं तिला सांगायचंय, काकू. फक्त पहिला शब्द निघत नाही तोंडातून. माझ्यासारखंच.

आणि नईमाखाला कुठे आहे माहीत आहे? मागे लिंबाच्या झाडाखाली बसली आहे, सकाळी आठपासून. आत यायचं नाही असा निरोप आहे तिला. डबा घेऊन आली, स्वच्छ पांढरा दुपट्टा घेऊन. मी पाणी द्यायला गेले तर तिनं आधी नळावर हात धुतले. कोपरापर्यंत. कुणाला हात लावायचा नाहीये तिला आज, तरी. मला म्हणाली, "आबाजीनं नाश्ता केला का रे बेटा?" मी हो म्हटलं. नाही केला त्यांनी. परवा तुम्ही त्यांना परत आणून सोडलं तेव्हापासून ते धड जेवत नाहीत. काल नवीन मावशीनं ग्लोव्हज घालून भरवलं, नियमाप्रमाणे, बरोबरच आहे तिचं, आता घालायलाच पाहिजेत आठवडाभर — आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि तिच्यापुढे हवेतली संत्र्याची फोड केली. ती मावशी बघतच राहिली. तिला माहीतच नाही की ती घ्यायची असते. नईमाखाला घ्यायची. तोंडात टाकायची, चावायची, बी थुंकायची सुद्धा खोटी खोटी, आणि म्हणायची, "वा आबाजी, मोर्शीचं दिसते!" आणि मग ते तोंड उघडायचे.

तुम्ही रडू नका ना. मास्क ओला झाला की बदलावा लागतो. हा घ्या दुसरा. फक्त दोऱ्यांना धरा.

हे सगळं मी सांगितलं असं कुणाला — नाही. मी मघाशी मनात ठरवलं होतं, तुम्हाला म्हणायचं, माझं नाव घेऊ नका. आता ते बरोबर वाटत नाही. घ्या नाव. वही इथेच आहे, या खोक्याखाली, चार जानेवारीच्या पानाला मी ग्लोव्हजच्या डब्याचा पुठ्ठा लावलाय. निळ्या पेनानं लिहिलंय ते माझं अक्षर आहे, आईचं नाही. आणि शालीची पिशवी — खाली बघा, तुमच्या खुर्चीखाली. उघडू नका. आई आंघोळीला गेली तेव्हा मी उचलून आणली. ती गाठ आईनं मारलेली आहे, तशीच ठेवलीय. डॉक्टर अकराला येणार आहेत मीटिंगला, त्यांना जरीच्या काठात बघायला सांगा, भिंगाखाली, किडे मेलेले असले तरी दिसतील. शालिकरामबाबांना कुणी काही बोलू नका एवढंच. ते अजून रोज विचारतात, "पुन्यांदा कवा हाय माहा वाढदिवस?" मी म्हणते, तुरी सोंगायला आल्या की.

ती गाडी सचिवसाहेबांचीच. आज वेळेवर. घाला, ग्लोव्हज घाला आता — कड बाहीच्या वरून, थांबा, मी —

हो आई! आले! — पिशवी राहू द्या, तुम्ही नका धरू, नाही, धरा, ग्लोव्हज आहेत तुमच्या हातात — आले म्हटलं ना, आई, गाऊन बांधून राहिली! — काकू, ऐका, आत आईला विचारतील की शाल कुणाची, तर ती म्हणेल माझी, आणि ते खरंच आहे, पण मग तारीख कुणी लिहिली हे कुणी विचारणारच नाही, म्हणून तुम्ही विचारा, मोठ्यानं विचारा, मी दारातच उभी असते, मास्क आहे माझ्या तोंडावर, मला बोलता येईल, मी सांगेन की ती तारीख —